एकेचाळीस सेंटिमीटर

गेल्या रविवारी सकाळी साडेसात वाजता, डोंबिवलीतील एका शाळेच्या सभागृहात, सोळा मुलांच्या देखत माझ्या चिमटीतून एक साधी प्लॅस्टिकची पट्टी ओळीने तीन वेळा निसटून खाली पडली. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी कराटे का शिकू लागलो, हा प्रश्न माझ्या पत्नीने पुरेसा विचारून झालेला असल्यामुळे तो येथे पुन्हा घेत नाही. एवढेच सांगतो की आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे कराटेच्या गुरुजींनी, गेल्या महिन्यात ‘रिफ्लेक्स’ वाढवण्याचा खास वर्ग काढला, त्याचे दोन हजार रुपये वेगळे घेतले आणि ते परत मिळणार नाहीत, असे पावतीवर ठळक अक्षरांत छापले.

परीक्षा दिसायला सोपी होती. सेन्सेई पट्टी वरच्या टोकाला धरणार, आपण शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची आणि त्यांनी न सांगता पट्टी सोडली की ती पकडायची. तिसऱ्यांदा पट्टी फरशीवर आपटली तेव्हा मुले हसली, ते मी सोसले असते. परंतु भिंतीलगतच्या बाकावरून एक सद्‌गृहस्थ उठले आणि तेथून प्रकरण माझ्या हातचे गेले.

हे गृहस्थ नातीला सोडायला येतात आणि वर्ग संपेपर्यंत बाकावर शब्दकोडे सोडवतात. ते निवृत्त शिक्षक असून पदार्थविज्ञान शिकवीत असत, हे मला पुढच्या अर्ध्या मिनिटात कळले.

“पट्टी किती सेंटिमीटरची?” त्यांनी सेन्सेईंना विचारले.

“तीस, सर.”

“तीस सेंटिमीटर पडायला पाव सेकंद लागतो,” ते माझ्याकडे वळून म्हणाले. “तुम्ही ती पकडलीच नाहीत. म्हणजे तुम्हाला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो, एवढंच सिद्ध झालं. किती जास्त, ते या पट्टीवरून सांगता येणार नाही. उपकरण अपुरं आहे.”

माझ्याविषयी आजवर अनेकांनी अनेक मते मांडली आहेत. पण मला मोजायला उपकरण अपुरे पडल्याचे कोणी जाहीरपणे सांगितले नव्हते. मी “राहू द्या हो, सर” असे म्हणेपर्यंत त्यांनी नातीला शेजारच्या वर्गात पिटाळले होते. ती फळ्यावर रेघा मारायची एक मीटरची लाकडी पट्टी घेऊन धावत परत आली.

ती पट्टी पाहताच माझा तळहात आपोआप मागे गेला. शाळेत असल्याच पट्टीशी माझी चांगली ओळख होती आणि तेव्हा माझ्या चपळाईला कोणी नावे ठेवत नसे. मी पट्टीकडे बघतच नसे. मास्तरांचा खांदा हलला की हात काढून घेत असे. सातवीत दोनदा त्यांची पट्टी टेबलावर आपटली आणि त्याबद्दल मला चार जास्तीच्या बसल्या. कराटेतही मुरलेले खेळाडू नेमके हेच करतात. जवळून आलेल्या मुठीकडे बघत राहिले तर उशीरच होतो, म्हणून ते समोरच्याचा खांदा आणि कंबर वाचतात. पण पट्टी सोडणाऱ्याला नुसती बोटे उघडायची असतात. त्यात खांदा नाही, कंबर नाही. मी वाचायचे तरी काय? हा मुद्दा मी मांडला. सरांनी “सबबी नंतर” असे म्हणून पट्टी सोडली.

ती मी एकेचाळीस सेंटिमीटरवर पकडली. सरांनी खिशातून विजेचे बिल काढले, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडेमोड केली आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा, चाळीस वर्षे वर्गात घोटलेल्या आवाजात निकाल सांगितला: “०.२९ सेकंद!” मग त्यांनी नातीची परीक्षा घेतली. तिने चोवीसवर पकडली. “०.२२,” सर म्हणाले, आणि हा आकडा त्यांनी दोनदा सांगितला.

माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. “डोळ्यापेक्षा कानाची बातमी मेंदूत लवकर पोचते,” ते म्हणाले. “मी सोडताना ‘हूं’ म्हणतो. तेवढीच तुम्हाला शतांशांची सवलत.” मी श्वास रोखून उभा राहिलो आणि ‘हूं’च्या आधीच पट्टी घट्ट धरली. त्यावर त्यांनी मुलांना समजावून सांगितले की धावण्याच्या मोठ्या शर्यतींत पिस्तूल वाजल्यावर ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावपटूसुद्धा बाद ठरतो, कारण इतक्या लवकर ऐकून हलणे माणसाला जमत नाही असे धरतात. आणि हे काका तर पिस्तुलाच्याही आधी हलले आहेत.

“माझ्या नसाच मंद असतील,” मी चिडून म्हणालो.

“छे! हेल्महोल्ट्झने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश जाण्याचा वेग मोजला. सेकंदाला सुमारे सत्तावीस मीटर. तुमचा बेडकापेक्षा बराच जास्त असणार. तार उत्तम आहे हो तुमची. विलंब कचेरीत होतो.”

कचेरी म्हणजे माझे डोके, हे मुलांना नातीने समजावले.

या साऱ्या वेळात सेन्सेई मोबाईलवर कोणाशी तरी गणवेशाच्या मापांविषयी बोलत होते. माझा खरा राग त्यांच्यावर आहे. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तो रिफ्लेक्स. त्याचा निकाल पाठीच्या कण्यातच लागतो, मेंदूला कोणी विचारत नाही, आणि तो वाढवण्याचा वर्ग निघू शकत नाही. आम्ही करतो ती पाहून-ठरवून केलेली हालचाल असते आणि ठरवायचे पर्याय वाढले की वेळ वाढतो, हे हिक नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच प्रयोग करून दाखवले आहे. ठोसा तोंडावरच येणार हे ठाऊक असताना मी आगे-उके ही वरची अडवणूक बऱ्यापैकी करतो. सेन्सेईंनी मात्र एका महिन्यात सोतो-उके, उची-उके आणि गेदान-बाराई हे अडवणुकीचे आणखी तीन प्रकार शिकवून टाकले आणि ठोसा कुठूनही येईल असे सांगून माझ्यासमोर एका अकरा वर्षांच्या मुलाला उभे केले. मी चौघांतून निवड करीत असताना त्याची मूठ माझ्या नाकावर येऊन, “सॉरी काका” म्हणून परतही गेली होती. एकच अडवणूक हजार वेळा घोटून घेतली असती तर नाक वाचले असते. पण एकाच गोष्टीचे दोन हजार रुपये कोण देणार? टेनिसचे दोन चेंडू आणि तीस सेंटिमीटरची एक पट्टी, एवढ्या भांडवलावर हा खास वर्ग चालतो, आणि पट्टीसुद्धा कोणा विद्यार्थ्याच्या कंपासपेटीतली होती.

संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सरांनी सर्वांच्या वेळांचा सुवाच्य तक्ता पाठवला. त्यात सतरा नावे असून माझे सतरावे आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘पट्टी बदलून पाहिली’ असे लिहिले आहे.