फुल क्रीम दूध पावडर ट्रेकमध्ये दोन दिवसांत खवट होते का?
फुल क्रीम दूध पावडर दोन दिवसांत खवट होते, म्हणून ट्रेकला स्किम्ड (स्निग्धांश काढलेली) पावडरच न्यावी, हा सध्या फिरणारा संदेश बरोबर नाही. या पावडरीत किमान २६ टक्के स्निग्धांश असल्याने हवा आणि ऊन लागल्यास ती स्किम्डपेक्षा लवकर खवटते हे खरे, पण घट्ट बंद पिशवीतून नेलेली कोरडी पावडर चार दिवसांच्या वाटेवर सहज टिकते. नासते ते पाण्यात कालवून ठेवलेले दूध. शिवाय १०० ग्रॅममागे सुमारे ५०० कॅलरी, म्हणजे स्किम्डपेक्षा साधारण १४० जास्त, मिळतात, आणि पाठीवरचे वजन तेवढेच राहते. गुठळ्यांची तक्रार मात्र रास्त आहे: पावडर थेट उकळत्या पाण्यात न टाकता आधी कपात थोड्या कोमट पाण्यात कालवून घ्यावी. डेअरी व्हाइटनर ही वेगळी वस्तू असून त्यात बहुधा साखर असते. चहाला चालते, सूपमध्ये जिभेला लगेच कळते.