‘आगीत गेलं की सगळं सोनं सारखंच’ म्हणणाऱ्या विट्याच्या दादांना उत्तर

दादा, तुमची कमेंट वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून सविस्तरच लिहितेय. ज्यांनी ती बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आजीच्या गिन्यांचं (इंग्रज काळातल्या सोन्याच्या नाण्यांचं) काय करायचं यावर मी लिहिलं होतं की लगेच मोडीत घालू नका, आधी कुठलं नाणं काय आहे ते बघा. त्यावर दादांचं म्हणणं, हे शिकलेल्या लोकांचे रिकामे उद्योग आहेत, सोनं आगीत गेलं की सगळं सारखंच, छाप कुणाचा ते कोण विचारतो. शिवाय मी लोकांना ओळखीच्या सराफावर संशय घ्यायला शिकवतेय, आणि वारसानं आलेल्या सोन्यावर टॅक्सबिक्स काही नसतो. दादांचे मामा कोइमतूरला गलाईत, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात आहेत.

आता विटा-खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला सोनं शिकवायला जायचं म्हणजे माझंच धाडस म्हणायचं. तुमच्याकडची माणसं देशभर जाऊन मुशी पेटवून बसलीयत, त्यामुळं आगीचं तुमचं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. आगीत गेल्यावर सारखंच, म्हणूनच तर आगीच्या आधी बघा म्हणतेय की!

गिनीचं वजन ७.९८ ग्रॅम आणि सोनं २२ कॅरेट, म्हणजे चोख साधारण ७.३२ ग्रॅम. हे ठरलेलं आहे, कुणाच्या मनावर नाही. आमच्याकडं पाच गिन्या आहेत, त्यातल्या तीनला कडी डागून आजीनं गळ्यात घातलेल्या आणि दोन साध्या. कडीवाल्या तीन वितळायलाच जाणार, त्यांना नाणं जमवणारा विचारत नाही, तिथं तुमचं बरोबर. साध्या दोनपैकी एकीवर १९१८ साल आहे आणि नाण्यावरच्या घोड्याच्या पायाखाली, सालाच्या जरा वर, भिंगातनं बघितलं तर इंग्रजी आय अक्षर दिसतं. म्हणजे ती मुंबईच्या टांकसाळीतली, तिथं गिनी फक्त त्याच सालाची पाडली. तेरा लाखांच्या आसपास पाडल्यात त्यामुळं काही घबाड नाही, पण अस्सल आणि न घासलेली असेल तर सोन्याच्या भावावर चार पैसे देणारा माणूस मिळतो. ती मोडीत घातली तर ते चार पैसे गेले, एवढंच माझं म्हणणं आहे. (आणि कृपा करून चिंच-रिठा लावून चकचकीत करू नका, जमवणाऱ्याला जुना रंगच हवा असतो.) माळेत ओवतात त्या पुतळ्यांचंही तसंच, खरी पुतळी म्हणजे व्हेनिसचं जुनं नाणं, ती साडेतीन ग्रॅमची आणि जवळजवळ चोख असते, ती आपल्याकडच्या पातळ पत्र्याच्या पुतळ्यांत मिसळून एका ढिगात तोलली की गेलं.

आता सराफाचं. संशय घ्या असं मी कुठंच लिहिलेलं नाही. काय झालं ते सांगते. पेठेतल्या एका सराफाच्या दुकानात, नाव नको, मशीनवर आमची कडीवाली गिनी लावली, आकडा आला ८४, म्हणजे शंभरात ८४ भाग सोनं. ते म्हणाले जुनं सोनं आहे, वीस कॅरेट धरू आणि वर वितळताना तीन टक्के घट. मी बघत होते, मशीनचा डोळा बरोबर कडीच्या सांध्यावर आलेला, तिथं डाग (सांधायचा हलका धातू) दिलेला असतो, आकडा कमीच येणार. म्हटलं जरा राजाच्या गालावर घ्या. घेतलं, ९१ च्या वर. माणूस वाईट नव्हता हो, हसून चहा पण सांगितला. पण हिशोब करा, वीस कॅरेट आणि तीन टक्के घट म्हणजे ६.४५ ग्रॅम चोख हातात, खरं हवं ७.३२, फरक पाऊण ग्रॅमच्याही वर. दहा ग्रॅमला लाख रुपये भाव धरला तरी एका गिनीमागं साडेआठ हजार, आणि सध्याचा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. मार्केट यार्डात हळदीचा सौदा उघड्यावर होतो, पोतं फोडून माल दाखवून. सोन्याचा पण तसाच करा की, ओळख आहे म्हणून मशीनकडं पाठ करून कशाला बसायचं? शंका असेल तर हॉलमार्किंग सेंटरला आधी तपासून घेता येतं, चार नगांपर्यंत २०० रुपये फी असते, आणि तो कागद घेऊन पेठेत जायचं. बँकेत मात्र जाऊ नका, बँका नाणी विकतात, परत घेत नाहीत.

कुणीतरी खाली लिहिलंय की अमेरिकेतल्या भाच्याबरोबर पाठवा, तिकडं लिलावात भाव येतो. नको. शंभर वर्षांपुढचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. आणि मोबाईलवर ‘जुनं नाणं द्या लाखो घ्या’ म्हणून आधी फी मागतात त्यांच्याबद्दल रिझर्व्ह बँकेनंच २०२१ ला सावध केलंय.

टॅक्सचं तुमचं अर्धं बरोबर आहे. वारसानं मिळताना काही लागत नाही. विकताना मात्र नफ्यावर लागतो, सध्या साडेबारा टक्के. आजीची खरेदी किंमत कुणाला माहीत असणार, म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरायची सोय आहे, तो दहा ग्रॅमला चार-सव्वाचार हजार होता, म्हणजे जवळपास सगळाच नफा. ‘पूजेतली नाणी आहेत, घरगुती वस्तू, त्यावर टॅक्स नको’ हा युक्तिवाद एका महाराजांनी सुप्रीम कोर्टापर्यंत नेला होता, १९७६ ला निकाल त्यांच्या विरोधात गेला. आणि लग्न झालेल्या बाईमागं ५०० ग्रॅमची ती सूट सगळे सांगतात ना, ती आयकराच्या धाडीत जप्ती न करण्याची आहे, आणि ती पण दागिन्यांची. रोख तर दोन लाख किंवा वर घेऊच नका, दंड घेणाऱ्याला असतो, म्हणजे तुम्हाला, आणि जेवढी रक्कम तेवढाच दंड.

राहिलं आमचं. विकायचं की नाही हे माझ्या एकटीच्या हातात नाही, आजीनं मृत्युपत्र केलेलं नव्हतं त्यामुळं बाबांइतकाच दोन्ही आत्यांचा हिस्सा आहे. मिरजेच्या आत्यांना १९१८ ची गिनी ठेवायचीय, जयसिंगपूरच्या आत्यांना पैसे हवेत, नातवाची फी भरायचीय, आणि मला दोघींचंही पटतं. साधी दुसरी गिनी बाबा ठेवतील असं दिसतंय. कडीच्या तीन विकायच्या यावर सगळ्यांचं एकमत आहे, तेवढा कागद लिहून सह्या घेतेय.

तर दादा, विट्यात तुमच्या ओळखीचे कुणी गलाईवाले असतील तर त्यांना विचारून सांगा तूट किती धरतात. समोर वजन, कड्या तोडून वेगळ्या आणि नंतरच मूस, असं चालणार असेल तर तिन्ही घेऊन येते. दर त्या दिवशीचा आणि पैसे बँकेत.