‘मिताकुये ओयासिन’ म्हणजे ‘आपण सारे एक’ नव्हे

मावळता सूर्य, पिसांचा मुकुट घातलेला म्हातारा आणि खाली चार ओळी: ‘लाकोटा सरदार सिएटल यांनी १८५४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना लिहिलेले पत्र. सर्व गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. मिताकुये ओयासिन, अर्थात आपण सारे एक. लोप पावलेल्या जमातीची ही अहिंसक शिकवण आता अवघ्या जगाची आहे.’ व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर पुन्हा पुन्हा येतो. पाठवणाऱ्यांचा भाव चांगला असतो, हे मला कळते. पण ज्यांच्या नावाने तो फिरतो, त्यांच्यावर त्यात अन्याय होतो, म्हणून हे लिहितो आहे.

आधी सिएटल. ते लाकोटा, म्हणजे अमेरिकेच्या मैदानांतल्या आदिवासी जमातीचे, नव्हतेच. ते सुक्वामिश आणि दुवामिश लोकांचे पुढारी, प्रशांत महासागराच्या बाजूचे. लाकोटांचा मुलूख तिथून सुमारे दीड हजार किलोमीटर पूर्वेला, गवताळ मैदानांत. पत्र तर कुणाला सापडलेलेच नाही. १८५४ मध्ये सिएटल यांनी भाषण केले, ते हेन्री स्मिथ नावाच्या डॉक्टरने तेहतीस वर्षांनी, १८८७ मध्ये, एका स्थानिक वृत्तपत्रात आपल्या शब्दांत छापले. ‘सगळे जोडलेले आहे’ हे वाक्य त्यातही नाही. ते टेड पेरी या गोऱ्या पटकथालेखकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका पर्यावरणविषयक माहितीपटासाठी लिहिले. त्याच मजकुरात सिएटल आगगाडीतून गोळ्या घालून मारलेले, मैदानात कुजत पडलेले हजार गवे (बायसन) पाहिल्याचे सांगतात. सिएटल वारले १८६६ मध्ये, आणि त्या किनाऱ्याकडे जाणारा पहिला आरपार लोहमार्ग पुरा झाला १८६९ मध्ये.

आता ‘मिताकुये ओयासिन’ या दोन लाकोटा शब्दांकडे येतो, कारण मला खरे बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी. ‘मिताकुये’ म्हणजे माझे नातेवाईक, ‘ओयासिन’ म्हणजे सगळे. ‘माझे सगळे नातेवाईक’, एवढेच. प्रार्थना संपताना लाकोटा हे म्हणतात. फांद्यांच्या बुटक्या झोपडीत तापल्या दगडांवर पाणी ओतून जो इनिपी विधी होतो, तिथे आत शिरताना आणि बाहेर पडताना म्हणतात. ‘एक’ हा शब्द यात कुठेच नाही. नाते दोघांत असते, एकात नसते. लाकोटा भाषेत धरणी ही ‘उन्ची माका’, म्हणजे आजी. पवित्र शक्तीला ‘तुन्काशिला’, आजोबा, अशी हाक मारतात. गव्यांचा कळप हा ‘प्ते ओयाते’, आणि हाच ‘ओयाते’ शब्द माणसांच्या समाजालाही लावतात. ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही त्याला विधिपूर्वक आपले करून घेण्याचा ‘हुन्का’ नावाचा संस्कार त्यांच्या सात मुख्य विधींपैकी एक आहे. नाते जोडले की आजीशी कसे वागायचे, भावाने काय द्यायचे, कुणी कुणासमोर काय बोलायचे नाही, हे सगळे ठरलेले. लाकोटांच्या भाऊबंद जमातीतल्या, यँक्टन डकोटा विदुषी एला डेलोरिया यांनी आयुष्यभर हेच समजावून सांगितले, की चांगला नातेवाईक होणे हेच त्या जगण्याचे उद्दिष्ट. ‘सारे एक’ म्हटले की हे सगळे देणे-घेणे पुसून जाते आणि मनाला बरे वाटणे तेवढे उरते.

‘अहिंसक’ हे विशेषण आपण आपल्या सवयीने चिकटवतो. लाकोटा गव्यांची शिकार करूनच जगले. मांस खाल्ले, कातड्यांचे तंबू केले, हाडांची हत्यारे केली. गवा नातेवाईक होता आणि त्याला मारतही होते, म्हणून त्याचे ऋण मानत होते. या दोन्ही गोष्टी एकत्र मनात धरणे आपल्याला जड जाते, पण म्हणून त्यातली एक पुसायची नाही.

‘लोप पावलेली जमात’ हे तर साफ खोटे. पाइन रिज, रोझबड, शायेन रिव्हर, स्टँडिंग रॉक या राखीव प्रदेशांत लाकोटा आजही राहतात. त्यांचा सूर्यनृत्याचा विधी अमेरिकी सरकारने १८८३ मध्ये गुन्हा ठरवला. आदिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला थेट १९७८ मध्ये. मधल्या काळात ज्यांनी लपूनछपून विधी जिवंत ठेवले त्यांची नातवंडे आज ते चालवतात. त्यांना न विचारता शिकवण ‘अवघ्या जगाची’ कशी होते? १९९३ मध्ये लाकोटा, डकोटा, नाकोटा प्रतिनिधींनी आपल्या विधींचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध जाहीर युद्धघोषणाच केली. २००९ मध्ये ॲरिझोनात एका बाहेरच्या गुरूने हजारो डॉलर घेऊन इनिपीच्या नकलेचे शिबिर भरवले. त्या वाफेत तीन माणसे मेली.

आणि धरणीला आजी म्हणणे म्हणजे काय, हे पाहायचे तर ब्लॅक हिल्स या डोंगरांकडे पाहा. १८६८ च्या तहाने हे डोंगर लाकोटांचे ठरले. १८७४ मध्ये तिथे सोने सापडले आणि १८७७ मध्ये सरकारने ते हिसकावले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जप्ती बेकायदा ठरवून दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मान्य केली. व्याज धरून ती आता एक अब्जाच्या पुढे गेली आहे. पाइन रिज हा अमेरिकेतल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक आहे, तरी ती रक्कम अजून तशीच पडून आहे. लाकोटांनी ती घेतलेली नाही, त्यांना डोंगर परत हवे आहेत.