१.२ व्होल्टला घाबरून पितळी टॉर्च भंगारात देऊ नका

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीनदा आला. आधी भावकीच्या ग्रुपवर, मग शेतकऱ्यांच्या ग्रुपवर आणि शेवटी थेट दाजींकडून. मजकूर थोडक्यात असा : मोठ्या सेलच्या जुन्या टॉर्चला रिचार्जेबल सेल चालत नाहीत. ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे उजेड निम्म्यावर येतो. त्या मापाचे सेल मिळतही नाहीत. मिळाले तर नुसते ठेवून आठवड्यात उतरतात, आणि पूर्ण उतरवल्याशिवाय चार्ज केले तर कायमचे बाद होतात. म्हणून टॉर्च भंगारात द्या, नाहीतर लॅपटॉपच्या बॅटरीतले लिथियम सेल टाका, उजेड दुप्पट पडेल.

दाजी, तुम्ही काळजीपोटी पाठवलंत, हे मला कळतं. पण हिप्परग्याकडच्या आपल्या शेतात मोटरची लाइट रात्रीची असली की बांधावरून टॉर्च घेऊनच जावं लागतं. पायाखाली काय आहे ते दिसलं पाहिजे. म्हणून या मेसेजला नुसतं 'खोटं आहे' म्हणून सोडून देता येत नाही.

सुरुवात व्होल्टपासून करतो, कारण सगळी भीती तिथेच आहे. बाबांच्या दोन सेलच्या टॉर्चचा बल्ब काढा आणि त्याच्या पितळी गळ्यावर काय कोरलंय ते चष्मा लावून वाचा. २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर. सेल दोन, प्रत्येकी १.५, म्हणजे बेरीज ३ होते. मग बल्ब २.५ चा का? तीन सेलच्या टॉर्चचा बल्बही ४.५ चा नसतो, ३.८ चा असतो. कारण बल्ब बनवणाऱ्याला ठाऊक होतं की साधा सेल १.५ वर टिकत नाही. बटण दाबून करंट ओढायला लागलं की सेलच्या आतल्या अडथळ्यामुळे त्याचा व्होल्टेज खाली बसतो आणि जसजसा सेल वापरला जातो तसतसा तो अडथळा वाढत जातो.

मी हे घरी मल्टिमीटर लावून बघितलं. नवे कोरे साधे सेल, टॉर्च चालू ठेवलेली. सुरुवातीला दोन्ही मिळून २.९, तासाभराने २.६, तीन तासांनी २.३. मग त्याच टॉर्चमध्ये निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घातले. सुरुवात २.६, तीन तासांनी २.५. पहिल्या काही मिनिटांत साध्या सेलचा उजेड जास्त पांढरा दिसतो, हे खरं आहे. पण तिसऱ्या तासाला भिंतीवरचा साध्या सेलचा गोल पिवळा पडलेला होता आणि रिचार्जेबलचा होता तसाच होता. सेलवर छापलेला १.२ हा आकडा त्याचा काम करतानाचा सरासरी व्होल्टेज आहे. साध्या सेलवरचा १.५ हा कोऱ्या सेलचा आकडा आहे. या दोघांची तुलनाच चुकीची आहे.

एका ठिकाणी मात्र मेसेजमध्ये तथ्य आहे. कोणी जुना बल्ब काढून त्या जागी स्वस्तातला एलईडी बल्ब बसवला असेल, तर दोन रिचार्जेबल सेलवर तो खरंच मिणमिणतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि आपल्याकडे २.४ च असतात. व्होल्टेज वाढवणारी सर्किट आत असलेला एलईडी बल्ब घेतला की ही अडचण जाते. तीन सेलच्या टॉर्चला तर ती फारशी येतच नाही.

आता माप. मोठा सेल साधारण ३४ मिलिमीटर जाड आणि ६१.५ मिलिमीटर लांब असतो. त्या मापाचे अस्सल रिचार्जेबल सेल बनतात, ८,००० ते १०,००० मिलिअँपिअर-तासांचे (किती करंट किती तास मिळेल त्याचं हे माप), पण महाग असतात आणि नेहमीच्या पेन्सिल सेलच्या चार्जरमध्ये बसत नाहीत. सोलापूरच्या नवी पेठेत मला मोठ्या सेलच्या वेष्टनात जे मिळाले ते हातात घेताच हलके लागले. वजनावर ठेवले तर एक सेल जेमतेम ६० ग्रॅमचा. अस्सल असता तर दीडशेच्या आसपास भरला असता. आत छोटाच सेल घातलेला होता. असले सेल घेण्यापेक्षा चांगले पेन्सिल सेल आणि त्यांना मोठ्या सेलच्या मापात बसवणाऱ्या प्लास्टिकच्या डब्या घ्याव्यात. पेन्सिल सेल २,००० मिलिअँपिअर-तासांचा धरला तर ०.३ अँपिअरचा बल्ब साडेसहा तासांच्या आसपास चालतो. रात्री पाणी द्यायला तेवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार्जिंगला.

पुठ्ठा गुंडाळून आणि वायसर घालून घरीच जुगाड करणारे बरेच जण आहेत. तसं करू नका. पितळी टॉर्चमध्ये खुद्द नळीतूनच करंट परत जातो. दोन सेलमधला वायसर सरकून नळीला टेकला तर मागचा सेल शॉर्ट होतो, आणि रिचार्जेबल सेल शॉर्ट झाला की नळी हातात धरवत नाही इतकी तापते. डबी घेताना तिचा वरचा टोपा पुढे आलेला आहे ना, तेही पाहा. काही टॉर्चमध्ये पुढची पट्टी आत दबलेली असते, तिथे चपट्या टोपाचा सेल टेकतच नाही.

नुसते ठेवून उतरण्याची गोष्ट पूर्वीच्या सेलना बऱ्याच अंशी लागू होती, पण तेही आठवड्यात पार रिकामे होत नसत. २००५ मध्ये सान्योने जपानमध्ये एनेलूप आणले, तेव्हापासून कमी उतरणारे सेल मिळू लागले आणि आता ते अनेक कंपन्यांचे आहेत. वर्षभर ठेवूनही त्यांच्यात बराचसा चार्ज शिल्लक असतो. फक्त उष्णतेत कुठलाही सेल लवकर उतरतो, म्हणून आपल्या सोलापुरी मे महिन्यात टॉर्च शेतातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, घरात ठेवा. आणि पूर्ण उतरवून चार्ज करायचा नियम निकेल कॅडमियमच्या सेलचा. हायड्राइडवाले अर्धे असताना चार्जिंगला लावले तरी चालतं. उलट टॉर्च चालूच राहून ते पार रिकामे झाले तर खराब होतात.

सगळ्यात वाईट आहे तो शेवटचा सल्ला. लॅपटॉपच्या बॅटरीतला लिथियम सेल ३.७ व्होल्टचा, भरलेला असताना ४.२ चा. दोन घातले की ८.४. अडीच व्होल्टचा बल्ब तिथल्या तिथे जाईल, आणि ते नुकसान तरी लहान आहे. जुन्या बॅटरीतून उपसून काढलेल्या त्या सेलला वेगळी सुरक्षा सर्किट नसते. शॉर्ट झाला तर तो पेट घेऊ शकतो, तोही बंद नळीत, हातात धरलेला असताना. हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी निदान एवढी ओळ तरी मागे घ्यावी.

आजी उतरलेले सेल माळवदावर उन्हात वाळत घालायची. दोन दिवस ठेवले की टॉर्च थोडा वेळ लागायची आणि आम्हाला वाटायचं सेल भरले. उन्हाने भरत काही नव्हतं. सेलला विश्रांती मिळायची आणि ऊब लागून आतली क्रिया थोडी जोरात व्हायची, एवढंच. जस्ताचं कवच तर आतून खाल्लं जात होतंच, आणि मग एक दिवस ते फुटून आतला द्रव टॉर्चमध्ये पाझरायचा. बाबांच्या टॉर्चच्या स्प्रिंगवरचा हिरवा थर तिथूनच आला. पॉलिश पेपरने घासून तो काढल्यावर बल्ब लगेच उजळला. आधी उजेड कमी पडत होता तो त्या थरामुळे.

दाजी, मी डब्या दोन जास्त आणल्यात. रविवारी येताना तुमची टॉर्च घेऊन या, आणि तोवर तिच्यातले जुने सेल बाहेर काढून ठेवा.