बोनहॉफरचा फोटो टाकायला काय जातंय

आज सकाळी आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर परत बोनहॉफर, हिटलरला विरोध करून फासावर गेलेला तो जर्मन पाळक. गोल चष्मा, मागे काटेरी तारा, खाली 'वाईटासमोर गप्प बसणं हेही वाईटच'. हे वाक्य त्याच्या लिखाणात कुठेच सापडत नाही, पण ऐकतंय कोण, खाली आमेन आमेनची रांग. आणि टाकलं कोणी? कमिटीतल्या त्या गृहस्थांनी, ज्यांनी लॉकडाऊनमध्ये चर्च झाडणाऱ्या मावशींचा पगार बंद केला. 'उपासनाच नाही तर झाडायचं काय?' माझ्यासमोर म्हणालेत.

बोनहॉफरचं काय टिकेल असं मला विचाराल तर मी फाशीचं नावच काढणार नाही. ९ एप्रिल १९४५, फ्लॉसेनबुर्गची छळछावणी, वय ३९, आणि दोन आठवड्यांत तिथे अमेरिकन सैन्य पोचलं. काळीज पिळवटतं, मान्य. पण हुतात्म्याला हार घातला की आपण मोकळे! त्याच्या १९३७ च्या पुस्तकातली ('द कॉस्ट ऑफ डिसायपलशिप') ती 'स्वस्त कृपा' मात्र मोकळं सोडत नाही. पश्चात्ताप नको, कबुली नको, क्षमा तेवढी पाहिजे. मावशींचे पैसे बुडवून पहिल्या बाकावरून उठून प्रभुभोजन घ्यायचं, म्हणजे तेच की. आणि मावशी? पगार नसताना दर शनिवारी येऊन वेदीसमोरची फरशी पुसून जायच्या, चावी त्यांच्याकडेच होती.

हो, १९३३ च्या निबंधात, ख्रिस्ताला क्रुसावर दिलं म्हणून ज्यूंवर शाप, हे तेच जुनं रडगाणं त्यानेही गायलंय, नाकारत नाही. पण राज्यसत्तेच्या चाकाखाली आलेल्यांना नुसती मलमपट्टी पुरत नाही, वेळ आली तर चाकच अडवायचं, हेही त्याच निबंधात आहे. तुरुंगातल्या पत्रांतलं 'धर्माविना ख्रिस्तीपण' अर्धवटच राहिलं, त्यामुळे त्यात जो तो आपल्याला हवं ते घुसडतो, अमेरिकेत तर डावे पण आणि उजवे पण. त्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही.

चिडून लिहायला बसले होते पण १९३९ आठवलं की राग निवळतो. न्यूयॉर्कला सुखरूप पोचलेला माणूस, नोकरीची सोय, मित्र, सगळं होतं, आणि महिनाभरात जर्मनीला परतीच्या बोटीवर. का, तर आपल्या लोकांबरोबर हे दिवस काढले नाहीत तर युद्धानंतर त्यांच्यात उभं राहायचा मला हक्क नाही. हे मावशींना कोणी शिकवलं नव्हतं हो.

पुस्तक कोणाला हवं असेल तर मेसेज करा, इंग्रजीतलं आहे, पेन्सिलीच्या खुणा चालवून घ्या. कमिटीवाल्यांना आधी.