जर्मनीच्या पाठीत खंजीर कुणी खुपसलाच नाही

पहिल्या महायुद्धाविषयीचा एक पाच कलमी संदेश बराच काळ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. आजवर मी तो वाचून सोडून देत आलो. परंतु स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने तो ‘नोट्स’ म्हणून वहीत उतरवून घेतल्याचे पाहिल्यावर गप्प बसणे जमेना. संदेशाचा गोषवारा असा: ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या चालकाने गाडी चुकीच्या रस्त्याला वळवली आणि मारेकरी नेमका तिथे सँडविच खात उभा होता, म्हणून युद्ध पेटले; जर्मनीला युद्ध नकोच होते, तिला त्यात ओढले गेले; सेनापती चार वर्षे माणसे मशीनगनपुढे ढकलण्यापलीकडे काहीच करत नव्हते; जर्मन सैन्य रणांगणावर हरलेच नाही, घरातल्या ज्यूंनी आणि समाजवाद्यांनी त्याच्या पाठीत खंजीर खुपसला; आणि अखेर भारतीय घोडेस्वारांनी हायफा जिंकले, म्हणून युद्ध संपले.

सँडविचचा उल्लेख समकालीन साक्षींत कुठेही सापडत नाही. ती अलीकडची भर आहे. चुकीचे वळण मात्र खरे आहे, हे मान्य करावे लागते. 28 जून 1914 रोजी सकाळी साराएव्होत युवराज फ्रान्झ फर्डिनांडच्या ताफ्यावर बाँब फेकला गेला, तो मागच्या गाडीखाली फुटला, आणि नंतर जखमींना भेटायला निघालेल्या युवराजाचा मार्ग बदलल्याचे चालक लोइका याला कुणी सांगितलेच नाही. लॅटिन पुलापाशी तो जुन्या मार्गाने वळला, चूक लक्षात आणून दिल्यावर गाडी थांबली, आणि तिथेच गाव्हरिलो प्रिन्सिपने दोन गोळ्या झाडल्या. पण या वळणाने खून झाला, युद्ध नव्हे. खून आणि ब्रिटनची युद्धघोषणा यांमध्ये 37 दिवस गेले, आणि त्या दिवसांत नाव-गाव असलेल्या माणसांनी शुद्धीवर राहून निर्णय घेतले.

5 आणि 6 जुलैला पॉट्सडॅम व बर्लिन येथे कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, विल्हेल्म आणि त्याचा चॅन्सेलर बेथमान-होलवेग यांनी ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचे वचन दिले. त्या वचनाखेरीज ऑस्ट्रियाची पुढची हिंमत समजूच शकत नाही. 23 जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला 48 तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता दिला. सर्बियाने जवळजवळ सगळ्या अटी कमी-अधिक प्रमाणात मान्य केल्या आणि ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी सर्बियाच्या भूमीवरील तपासात भाग घेण्याची अट तेवढी स्पष्टपणे नाकारली. ते उत्तर 28 जुलैच्या सकाळी वाचून खुद्द कैसरने शेरा मारला की आता युद्धाचे कारणच उरलेले नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. सर्बियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख दिमित्रियेविच याचा युवराजाच्या खुनाच्या कटात हात होता, आणि रशियाने 30 जुलैला संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम देऊन उरलीसुरली वाट बंद केली, हे मी नाकारत नाही. दोष एकट्या जर्मनीचा नव्हता. तथापि ज्या देशाची युद्धयोजनाच तटस्थ बेल्जियममधून फ्रान्सवर जाण्याची होती, आणि ज्याच्या सरसेनापती मोल्टकेने 1 ऑगस्टला, सैन्य फक्त पूर्वेकडे वळवा असे कैसरने सांगितल्यावर, ते आता शक्य नाही असे उत्तर दिले, त्याला ‘ओढले गेले’ म्हणणे ही इतिहासाची थट्टा आहे. 23 ऑगस्टला बेल्जियममधील दिनां या एका गावात जर्मन सैनिकांनी 674 नागरिक मारले. तिथवर त्यांना कुणी ओढून नेले होते?

सेनापतींविषयीचे कलम थोडक्यात उरकतो. 1 जुलै 1916 या, फ्रान्समधील सॉमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी ब्रिटिश सैन्याचे 57,470 सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले, त्यांपैकी 19,240 मृत. त्या दिवसाचे समर्थन कुणीही करू नये. परंतु चारही वर्षे तशीच गेली नाहीत. 1918 पर्यंत पायदळाच्या पुढे सरकत जाणारा तोफमारा, आवाजावरून शत्रूच्या तोफा हुडकण्याचे तंत्र, रणगाडे आणि विमाने यांचा मेळ बसला होता. तो बसला नसता तर पुढच्या कलमात नाकारलेला जर्मनीचा पराभव झालाच नसता.

आता चौथे कलम. बाकीची चार चुकीची आहेत, हे घातक आहे. याच कथेच्या जोरावर हिटलरने राजकारण केले. ‘सैन्य अपराजित होते’ हा दावा पाहा. मार्च 1918 मध्ये जर्मनीने पश्चिमेकडे सुरू केलेली निर्णायक चढाई जुलैपर्यंत थकली. 8 ऑगस्टला फ्रान्समधील अमियाँजवळ जर्मन फळी अशी कोसळली की जर्मन सेनापती लुडेनडॉर्फने आपल्या आठवणींत तो जर्मन सैन्याचा काळा दिवस म्हटला आहे. 18 जुलैपासून 11 नोव्हेंबरपर्यंत मित्रराष्ट्रांनी पावणेचार लाखांहून अधिक जर्मन सैनिक कैद केले. अपराजित सैन्य इतक्या संख्येने हात वर करत नाही.

29 सप्टेंबरला बल्गेरियाने शस्त्रसंधी केली, ब्रिटिश फौजांनी सेंट क्वेंतँच्या कालव्यापाशी जर्मनांची ‘हिंडेनबर्ग फळी’ ही बचावफळी फोडली, आणि त्याच दिवशी स्पा येथील जर्मन मुख्यालयात सेनापती हिंडेनबर्ग व लुडेनडॉर्फ यांनी कैसरला सांगितले की शस्त्रसंधी ताबडतोब मागायला हवी. ही मागणी समाजवाद्यांची नव्हती, ज्यूंची नव्हती. ती सर्वोच्च सेनापतींची होती. जर्मनीच्या कील बंदरातील नाविकांचे बंड झाले ते त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी. बेचाळीसच्या आंदोलनामुळे सिंगापूर पडले असे कुणी म्हटले तर आपण हसू, पण इथे उलटा लागलेला कालक्रम मुकाट्याने वहीत उतरतो.

या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा जर्मन मुख्यालयातलाच आहे. अल्ब्रेख्त फॉन थेअर हा तिथला अधिकारी. 1 ऑक्टोबरला लुडेनडॉर्फने अधिकाऱ्यांना बोलावून जे सांगितले, ते त्याने टिपून ठेवले: सैन्यावर आता भिस्त ठेवता येत नाही, अंतिम पराभव बहुधा अटळ आहे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गालांवरून नकळत आसवे ओघळत होती, असे थेअर लिहितो. त्यानंतर लुडेनडॉर्फ म्हणाला की ज्या मंडळींमुळे ही वेळ आली त्यांनाच सरकारात आणण्याची विनंती आपण कैसरला केली आहे. तहही त्यांनीच करावा, त्यांनी शिजवलेले त्यांनीच खावे. म्हणजे पराभवाची कबुली आणि खापर फोडायची जागा एकाच बैठकीत ठरली. थेअरला तर फिकट चेहऱ्याने उभ्या असलेल्या लुडेनडॉर्फकडे पाहून, पाठीत भाल्याचा घाव बसलेला पुराणकथेतला सिगफ्रीड आठवला. पाठीतल्या घावाची प्रतिमा मुख्यालयातच तयार होती. घाव घालणारे नंतर शोधले गेले.

ते सापडलेही. 11 नोव्हेंबरला शस्त्रसंधीवर सही करायला पाठवले गेले माथियास एर्त्सबर्गर या नागरी राजकारण्याला, आणि 1921 मध्ये त्यांचा खून झाला. वाल्टर राटेनाऊ ज्यू होते. 1914 मध्ये युद्धासाठी कच्चा माल मिळवून देणारे खाते त्यांनीच उभे केले होते. 1922 मध्ये परराष्ट्रमंत्री असताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ज्यू लढाई टाळतात या ओरडीवरून प्रशियाच्या युद्धखात्याने 1916 मध्ये ज्यू सैनिकांची स्वतंत्र गणना केली आणि तिचे आकडे युद्ध संपेपर्यंत दडवून ठेवले. सुमारे 1 लाख ज्यू जर्मन सैन्यात होते, त्यांपैकी सुमारे 12,000 मारले गेले. देशात उपासमार होती, जानेवारी 1918 मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत मोठे संप झाले, इतके या दाव्यात खरे आहे. पण त्या संपांनंतरच मार्चची ती प्रचंड चढाई झाली, हे सांगायला संदेशकर्ता सोयीस्कर विसरतो.

राहिले हायफा. 23 सप्टेंबर 1918 रोजी जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी पॅलेस्टाईनमधील ते शहर तुर्कांकडून घेतले, हे खरे आणि अभिमानास्पदही आहे. मात्र ती 19 सप्टेंबरला सुरू झालेल्या मोठ्या चढाईतली एक लढाई होती; तुर्कस्तानने शस्त्रसंधी केली 30 ऑक्टोबरला, आणि युद्धाचा निकाल लागला तो फ्रान्समध्ये. भारतीय सैनिकांविषयी मराठी माणसाला खरेच काही जपून ठेवायचे असेल, तर ते मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे आहे. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमधील 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी डिसेंबर 1915 पासून तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी अन्न संपल्यावर उरलेल्या फौजेबरोबर शरण गेल्या. कैद झालेल्या सुमारे 13,000 जणांत बहुसंख्य भारतीय होते, आणि त्यांतले कित्येक वाळवंटातल्या पायपिटीत व रेल्वेच्या कामावर मेले. हायफाच्या विजयापायी त्या पाच कलमांत कुतला एक ओळही मिळालेली नाही.