‘जीपीएस आहे ना, मग डोंगर कशाला बघायचे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण तेव्हा लिहिलं असतं तर तोंडातून वाकडंतिकडं गेलं असतं म्हणून सकाळपर्यंत थांबलो. खाड्यांची मुखं डोंगर-देवळांच्या खुणांवरून ओळखण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "घरात बसून समुद्र रंगवू नका. आता बोटीवर जीपीएस असतो, बोट कुठे आहे ते कळलं की झालं, डोंगर आणि देवळं बघायचे दिवस गेले." पुढे ‘नाविक’चा, म्हणजे जीपीएससारख्या भारतीय उपग्रह यंत्रणेचा उल्लेख नाही, लेख लांबला, डिझेलच्या सबसिडीवर का लिहीत नाही, वगैरे.

आधी ते "घरात बसून". माझे वडील दाभोळला तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. शाळेत असल्यापासून मी त्यांच्याबरोबर बोटीवर जातोय, जाळी ओढलीयत, उलट्या केल्यात, पावसाआधीच्या वाऱ्यात रात्रभर पाणी उपसलंय. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. मुद्दा पटला नाही तर तसं लिहा ना, माणूस न ओळखता तो कुठे बसतो ते काढायची ही कुठली पद्धत?

आता "कुठे आहे ते कळलं की झालं". नाही होत. जीपीएस अक्षांश-रेखांश देतो, काही मीटरच्या फरकाने देतो, छानच आहे, पण बोटीखाली आत्ता पाणी किती ते त्याला माहीत नसतं. दाभोळला वाशिष्ठी नदीच्या मुखाशी वाळू आहे आणि ती पावसाळ्यात सरकते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यानंतर बोटी निघतात तेव्हा स्क्रीनवर मे महिन्यातला ट्रॅक, म्हणजे बोट गेलेली वाट, जसाच्या तसा असतो, खालची वाळू तिथे असेलच असं नाही. वडील काठावरची एक खूण आणि तिच्या मागचा डोंगर एका रेषेत धरून बोट आत घ्यायचे, लाट कुठे फुटते ते बघायचे आणि वाळू हलली की खूण बदलायचे. भरतीची वेळ तिथीवरून, तिथीची पाऊणपट, म्हणजे अष्टमीला साधारण सहा वाजता. आणि ही भरतीसुद्धा सगळीकडे सारखी नाही हो! मुंबईला उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, कारण वर खंभातचं आखात निमुळतं होत जातं आणि समुद्राचा उथळ तळही तिकडे जास्त रुंद आहे. म्हणजे मुंबईच्या भरतीच्या अंदाजावर मालवणात बोट घातलीत तर फसाल.

आणि डोंगर-देवळं बघायची वेळ मुळात का आली तेही सांगतो, कारण तुम्हाला ते नुसतं जुन्या लोकांचं भाबडेपण वाटतंय. आपला किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे. अरबस्तानाकडून येणाऱ्याला ध्रुवताऱ्याची उंची धरली की अक्षांश मिळायचा, रत्नागिरीला ती 17 अंश, मुंबईला 19 च्या जरा खाली, आणि तेवढ्यावर पूर्वेला येत राहिलं की किनारा लागायचाच. पूर्व-पश्चिम पसरलेल्या किनाऱ्यावर हे जमलं नसतं. पण हलत्या जहाजावर अर्धा अंश चुकला की 55 किलोमीटर गेले, तेवढ्यात दाभोळ आणि जयगड दोन्ही मुखं मावतात. लांबून बघाल तर जांभ्याचे सपाट सडे, म्हणजे पठारं, सगळे सारखेच, मग टोकावरचा किल्ला, देऊळ, दीपगृह यावरूनच कळायचं आपण कुठल्या खाडीसमोर आहोत. याला तुम्ही गेलेले दिवस म्हणता? रात्री पावसात स्क्रीन बंद पडली की काय करणार, ते लिहा एकदा.

नाविकचं म्हणाल तर मान्य, आपल्या इस्रोचीच यंत्रणा आहे, उल्लेख हवा होता, एक ओळ टाकतो. लांबीबद्दल काही बोलायचं नाही, ज्यांना वाचायचंय ते वाचतात. डिझेलचा विषय इथला नाही.

जीपीएस वापरू नका असं मी लेखात कुठेही लिहिलेलं नाही, आमच्या बोटीवरही तो आहे. परत एकदा लेख वाचा आणि मग कुठलं वाक्य चुकलंय ते दाखवा, त्यावर बोलू.